चर्चा: लेखकानं स्वतः छापलेल्या कालप्रवासाच्या कादंबऱ्या दुसऱ्याला सुचवाव्यात का?

खानापूरकर
थेट सांगतो. पदरच्या पैशानं छापलेली कालप्रवासाची एक कादंबरी घ्या म्हणून वाचनालयात सुचवली, तर उत्तर आलं, "प्रकाशक नाही, घेत नाही." मग मीच दोनशे रुपये मोजून प्रत घेतली आणि दोन बैठकांत संपवली. नायक बेळगावात टिळकवाडीच्या काँग्रेस विहिरीत पडतो आणि डिसेंबर १९२४ मध्ये वर येतो. गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन, 'विजयनगर' नावाच्या अधिवेशनाच्या छावणीचे तंबू, स्वागतगीतात गाणारी अकरा वर्षांची गंगूबाई हनगल. आणि गंमत बघा, परत यायचं तर विहिरीचं पाणी तो पडला त्याच पातळीला हवं, अन् इकडं हजारो माणसांसाठी रात्रंदिवस उपसा चाललाय! असली अडचण बाहेरच्या लेखकाला सुचली असती काय? ही पुस्तकं आपण नाही सुचवायची तर कुणी?

शहापूरच्या बाई
मीही वाचली, म्हणूनच बोलते. विहिरीची कल्पना झकास आहे, मान्य. पण नायक चहावाल्याला एक आणा देतो आणि चहावाला पाच पैसे परत करतो! दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. त्याआधी आण्याचे पैसेच मुळी चार. म्हणजे त्यानं चहा पाजून वर पदरचा पैसा दिला. एका संपादकानं नजर फिरवली असती तर हे सुटलं नसतं. कालप्रवासाच्या कादंबरीत काळच चुकला तर उरलं काय?

खानापूरकर
बाई, एका पैशासाठी अख्खी कादंबरी फासावर?

शहापूरच्या बाई
एक पैसा नव्हे, एक सवय. पुढं १९२४ च्याच एका पाटीवर 'बेळगावी' आहे. हे नाव सरकारदरबारी २०१४ ला आलं, आणि तेव्हा तर आपण मुंबई इलाख्यात होतो. दोनशे रुपये घालवून वाचक फसला तर शिव्या सुचवणाऱ्याला बसतात.

निपाणीचा डीटीपीवाला
थोडं आमच्या धंद्यातलं. लेखक श्रीलिपी या जुन्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून आणतात. ई-पुस्तकाला युनिकोड लागतं. बदलताना रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात. याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीत अधिवेशनाच्या 'गर्दी'ची 'गदी' झालीय, पानोपानी गदीच गदी. मुद्रितशोधनाला माणूस लावा म्हटलं की लेखक म्हणतो, "घरची मंडळी वाचतील." घरचे कौतुक करतात हो, चुका नाही काढत.

वडगावचा वाचक
पण ही कादंबरी स्वतः का छापावी लागली, ते मनोगतात लिहिलंय, ते कुणी बघितलं का? एका प्रकाशकानं अट घातली होती की, गाडीवानाच्या तोंडचं "मी बघितलो, मी सांगितलो" बदलून "मी बघितलं, मी सांगितलं" करा. माझी आजी असंच बोलायची. आम्ही अजून बोलतो. लेखकानं नकार दिला आणि पतसंस्थेचं कर्ज काढलं. संपादकानं चहावाल्याचा हिशेब सुधारला असता, खरंय. पण त्याच पेनानं गाडीवानाची जीभही कापली असती.

शहापूरच्या बाई
हा मुद्दा बिनतोड आहे. गाडीवान मलाही आवडला.

खानापूरकर
आणि नावावरून पारख करायची तर जयंत नारळीकरांनी १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत टोपणनाव कशाला घेतलं असतं? परीक्षकांनी नाव नाही, कथा बघितली.

शहापूरच्या बाई
बघितली, आणि निवडली! माझं म्हणणं तरी दुसरं काय आहे? परीक्षक होते. इथं लेखक, प्रकाशक, परीक्षक सगळं एकच माणूस. मागच्या पानावर आयएसबीएन आहे म्हणून सांगू नका, तो क्रमांक आपल्या देशात फुकट मिळतो. त्यानं पुस्तकाची नोंद होते, परीक्षा नाही.

चिकोडीहून
मी आण्या-पैशात पडत नाही. माझी कसोटी वेगळी: लेखकानं घातलेला नियम शेवटपर्यंत पाळला का? एच. जी. वेल्सच्या १८९५ च्या 'द टाइम मशीन' कादंबरीतल्या यंत्रापासून या जातीच्या गोष्टींत यंत्र कुणी तपासत नाही, नियम तपासतात. इथं पाण्याच्या पातळीचा नियम दोनशे पानं टिकतो, आणि शेवटाला नायक पाऊस आला म्हणून सुटतो. डिसेंबरात! तिथं मी पुस्तक मिटलं. तरी सुचवेन, कारण एक प्रकरण विसरत नाही. १९२४ मधला पणजोबा विचारतो, "तुझ्या काळात आपलं घर कुठं?" नायक म्हणतो, "इथंच. राज्य तेवढं बदललं." म्हातारा उंबऱ्यावर हात ठेवून बराच वेळ गप्प बसतो.

वडगावचा वाचक
त्या पानाला मीही थांबलो होतो.

शहापूरच्या बाई
बरं, असं करा. लेखक दुसरी आवृत्ती काढणार असेल तर माझी प्रत घेऊन जा. तांबड्या पेनानं भरलीय. गाडीवानाला हात लावलेला नाही. तोवर मी कुणाला सुचवणार नाही.

खानापूरकर
रविवारी येतो प्रत न्यायला. पण बाई, मी तोवर थांबणार नाही. वाचनालयाला माझी प्रत फुकट देऊन टाकतोय, ५७ व्या पानावर चहावाल्यापाशी चिठ्ठी लावून.