ईआरपी बसवण्यापूर्वी कुबरनेटिस क्लस्टर ‘तयार’ आहे, हे कसे ओळखावे?

प्रश्न

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याचा संगणक विभाग मी सांभाळतो. सूत, रंगाई आणि निर्यातीच्या ऑर्डरी यांचा हिशेब ठेवणारी नवी ईआरपी (कारखान्याचा कारभार सांभाळणारी संगणक प्रणाली) कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सर्व गोष्टींसह बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या पुड्यात, चालणारी असल्याने, एकाच व्हर्च्युअल मशिनच्या तीन क्लोन काढून त्यांवर मी क्यूबअ‍ॅडम या उभारणीच्या साधनाने कुबरनेटिसचा (अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीचा) क्लस्टर, म्हणजे यंत्रांचा गट, उभारला आहे. तिन्ही नोड, म्हणजे गटातली यंत्रे, ‘रेडी’ दिसतात. तरीही डेटाबेसचा पॉड (एकत्र चालणारे कंटेनर) ‘पेंडिंग’च, म्हणजे सुरू होण्याच्या प्रतीक्षेतच, राहतो आणि चाळीस मिनिटांनी इन्स्टॉलर हात टेकतो. ‘आधी क्लस्टर तयार करून घ्या’ एवढेच विक्रेत्याने कळवले आहे. तयार म्हणजे नेमके काय?

उत्तर १

नोड ‘रेडी’ असणे म्हणजे त्यावरचे क्यूबलेट (नोडवर पॉड चालवणारा प्रोग्राम) आणि नेटवर्क प्लगइन (पॉडना एकमेकांशी जोडणारा भाग) चालू असणे; स्टोरेजचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. क्यूबअ‍ॅडम स्वतःहून कोणताही स्टोरेजक्लास (साठवणुकीची जागा कशी द्यायची याची व्याख्या) देत नाही, आणि इन्स्टॉलरने केलेल्या पीव्हीसीत (साठवणुकीच्या जागेच्या मागणीत) क्लासचे नाव नसेल, तर डिफॉल्ट क्लास मिळेपर्यंत ती तशीच ताटकळते. त्या पीव्हीसीवर ‘डिस्क्राइब’ ही आज्ञा चालवून तळाच्या ‘इव्हेंट्स’ वाचाव्यात. कारण बहुधा तिथेच लिहिलेले असते. एनएफएस (नेटवर्कवरून वापरायची सामायिक साठवण) हाताशी असले, तरी विक्रेत्याच्या लेखी संमतीशिवाय त्यावर डेटाबेस ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २

मला क्लोनची अधिक धास्ती वाटते. होस्टनेम (यंत्राचे नाव), मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आणि प्रॉडक्ट यूयूआयडी (यंत्राचा ओळखक्रमांक) प्रत्येक नोडवर वेगळे असलेच पाहिजेत. तसेच स्वॅप (मेमरी अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) केवळ आज्ञा देऊन बंद केला असेल आणि एफएसटॅब या सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमधील त्याची ओळ तशीच असेल, तर वीज जाऊन मशिन पुन्हा सुरू होताच स्वॅप परत येतो आणि मूळ सेटिंगनुसार क्यूबलेट उठतच नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज किती वेळा जाते, हे वेगळे सांगायला नको.

नेटवर्कसाठी कॅलिको हे प्लगइन वापरले असेल, तर त्याचा मूळ पत्ता-पट्टा १९२.१६८.०.०/१६ असतो. कारखान्याचा राउटर १९२.१६८.१.१ वर असल्यास दोन्ही एकमेकांत घुसतात आणि पॉडला प्रिंटर किंवा जुना सर्व्हर सापडत नाही. हा पट्टा नंतर बदलणे जिकिरीचे असल्याने तो आताच ठरवावा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. स्टोरेजक्लासची यादी रिकामीच निघाली. क्लास बसवून त्याला डिफॉल्ट केल्यावर पीव्हीसी ‘बाउंड’ झाली आणि डेटाबेस उठला. स्वॅपची ओळ तिन्ही मशिनांवर जागच्या जागी होती, ती काढली. तिन्ही नोड कंट्रोल प्लेन (क्लस्टरचा कारभार हाकणारे) आहेत, पण एकाच सर्व्हरवर आहेत. ते चालेल का?

उत्तर १

चाचणीपुरते चालेल. तीन सदस्यांच्या एट्सीडीला (क्लस्टरची सारी नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसला) बहुमतासाठी दोन लागतात, म्हणून एक गेला तरी काम थांबत नाही. मात्र सर्व्हरच बसला, तर तिन्ही एकदम जातात. प्रत्यक्ष ऑर्डरी भरण्यापूर्वी निदान एट्सीडीचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) आणि डेटाबेसचा बॅकअप रोज दुसऱ्या यंत्रावर जाईल, अशी सोय करावी.