नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) बाबागाडी आणावी की बाळ अंगावर बांधावं?

कॉटनमार्केटकर
सणाच्या खरेदीला चंद्रपूर-गोंदियाकडून येणारे दरवेळी विचारतात, म्हणून माझं मत एकदाच मांडतो. लेकरू वर्षाच्या आतलं असेल तर बाबागाडी घरीच ठेवा. बर्डीच्या मेन रोडवर अर्धा फूटपाथ मांडलेल्या मालानं खाल्लेला, उरलेल्यावर माणसं. घडीच्या हलक्या गाडीची पुढची चाकं जेमतेम पाच-साडेपाच इंचांची. ती उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकली की चाक थांबतं, पण ढकलणारा थांबत नाही, आणि गाडी बाळासकट पुढे झुकते. वरून हँडलला पिशव्या लटकवायची खोड. बाळ उचललं की पुढचं वजन जातं आणि गाडी मागच्या मागे आडवी! सहा-सात किलोचं धूड ऑटोत चढवणं वेगळंच.

इंदोरा चौक
भाऊ, यात गाडीचा काय दोष? संध्याकाळी सहाला रविवारी बर्डीत शिरलं तर मोठ्या माणसालाही पाय ठेवायला जागा नसते. सकाळी दुकानं उघडताच या, दुपारच्या आत निघा. रेल्वे स्टेशनवरून मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइननं कॉटन मार्केट सोडून पुढचं स्टेशन सीताबर्डी. चढ-उतार लिफ्टनं करायची. सरकत्या जिन्यावर गाडी चढवूच नका, पायऱ्या वेगळ्या होताना पुढची चाकं अधांतरी राहतात. ऑरेंज लाइन धरायची असेल तर सीताबर्डीला मजला बदलावा लागतो. तेवढी दहा मिनिटं हाताशी ठेवा.

आणि कॅरिअरवाल्यांनो (पट्ट्यांच्या झोळीत बाळ अंगावर बांधणाऱ्यांनो), मे महिन्यात नागपूर 45 अंशांच्या वर जातं. त्या उन्हात आईच्या पोटाला चिकटलेलं बाळ म्हणजे दोघांच्या अंगाची वाफ एकत्र. गाडीत त्याची पाठ तरी मोकळी राहते.

धरमपेठी ताई
पाठ मोकळी राहते खरी, पण ऊन लागू नये म्हणून लोक गाडीवर ओढणी टाकतात. मग आत हवा खेळत नाही आणि ओढणीखाली बाहेरपेक्षा जास्त गरम होतं. छत वापरा, जाळी लावा, कापड टाकू नका. शिवाय सपाट न होणाऱ्या गाडीत सहा महिन्यांच्या आतलं बाळ बसवायचंच नाही, मान पुढे पडते.

माझा कौल कॅरिअरलाच, पण बांधणी नीट हवी. कपाळाचा पापा घेता येईल इतकं बाळ वर, हनुवटी आणि छातीत दोन बोटं मावतील अशी जागा, गुडघे ढुंगणापेक्षा वर, आणि नाक-तोंड कायम दिसलं पाहिजे. मान पक्की धरेपर्यंत तोंड आपल्याकडेच. अंगात एकच सुती झबलं, कारण कॅरिअर हाच एक थर. दूध पाजताना पट्टे सैल केले असतील तर नंतर पुन्हा वर ओढायला विसरू नका, बाळ तिथेच घसरतं.

वऱ्हाडी काकू
एवढं कायले पाहिजे बाप्पा? स्कुटीवर दोघांच्या मधात लेकरू बसवा, अन् उन्हात घडीघडी पाणी पाजा. झालं.

इंदोरा चौक
काकू, दोन्ही चुकलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नाही, अंगावरचं दूधच जास्त वेळा. पाण्यानं इवलंसं पोट भरतं आणि दूध कमी जातं. पावडरचं दूध असेल तर थर्मासमध्ये उकळलेलं पाणी न्या, पावडर वेगळी न्या, ऐनवेळी कालवा आणि बाळाला सोसेल इतकं निववून पाजा. कालवून दोन तास झालेलं दूध फेकायचं, वास येवो न येवो.

स्कुटीचं म्हणाल तर 2023 पासूनचा नियम असा: 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट, चार वर्षांपर्यंत चालकाला जोडणारा पट्टा, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. नुसतं मधात दाबून बसवणं धरत नाहीत.

वऱ्हाडी काकू
हाव, पट्टा ठीक. पण एवढुशा डोक्याचं हेल्मेट भेटते कुठं?

कॉटनमार्केटकर
भेटतं काकू, पण ऑनलाइन मागवायच्या आधी कपाळाभोवती टेप फिरवून माप घ्या. मोठं घेतलं तर डोळ्यांवर येतं.

माझं मत थोडं सैल करतो. रमण विज्ञान केंद्र किंवा गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय असेल तर गाडी आणा. गोरेवाड्याची सफारी बसमधून असते, तेव्हा एका हातानं घडी होणारीच हवी. पण बर्डी, इतवारी, महाल इथे नाही म्हणजे नाही. आणि चार वर्षांचं दुसरं पोर सोबत असेल तर गाडीचा वाद सोडा, आधी त्याच्या मनगटावर बॉलपेननं मोबाइल नंबर लिहा. घामानं पुसतो, म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी.

धरमपेठी ताई
चिकटपट्टीनं कातडी सोलते हो. नंबर फ्रॉकच्या किंवा शर्टाच्या आतल्या शिवणीवर लिहा.