सासऱ्यांचं सोडियम १२१ वर आलं होतं. आता मीठ किती आणि पाणी किती?

पूर्वभागातली_सून

नमस्कार. आम्ही सोलापूरचे, पूर्व भागात राहतो. मामा (माझे सासरे) ७१ वर्षांचे. चाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभे होते. गेल्या वर्षी बीपी निघाला, गोळी सुरू झाली, आणि डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा. मी ते एवढं मनावर घेतलं की आमटीत चिमूटभर, भाजीत नाहीच. भाकरीत आमच्याकडे तसंही मीठ नसतं. शेंगा चटणीचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. मामांनी कधी कुरकुर केली नाही, पण जेवण कमी होत गेलं. एक भाकरी दुधात कुस्करायची, झालं.

वरून उन्हाळा. पारा ४३ वर, आणि जो येतो तो सांगतो भरपूर पाणी प्या. मामांना प्रत्येक गोष्ट मोजायची सवय. कारखान्यात टॉवेलचे डझन मोजायला खांबावर खडूनं रेघा मारायचे, तशा आता घरात दाराच्या चौकटीवर. एक तांब्या संपला की एक रेघ. सकाळी मीच पुसायची.

तीन-चार दिवस डोकं जड, मळमळ, चालताना झोक जायला लागला. आम्हाला वाटलं ऊन लागलं, म्हणून आणखी पाणी पाजलं. पाचव्या दिवशी सकाळी मला नणंदेच्या नावानं हाका मारायलेत. मग "बीम संपायलाय, बीम संपायलाय" एवढंच (बीम म्हणजे मागावरचा सुताचा रूळ). दवाखान्यातून मी रात्री घरी आले तर चौकटीवर आदल्या दिवसाच्या रेघा तशाच होत्या. १३. तांब्या अर्ध्या लिटरचा आहे.

रिपोर्टमध्ये सोडियम १२१, पोटॅशियम ३.३. चार दिवस ठेवलं. जुनी गोळी (क्लोरथॅलिडोन) बंद करून दुसरी दिली. कागदावर लिहिलंय: पाणी दीड लिटर, मीठ नॉर्मल, आठवड्यानं रक्त तपासा.

नॉर्मल म्हणजे किती हो? बीपी आहे म्हणून कमी, सोडियम उतरलं म्हणून जास्त, मी कुणाचं ऐकू? दीर शहाळी घेऊन येतात, भाचा मेडिकलमधून ओआरएस लिहिलेले गोड डबे आणतो, शेजारच्या काकूंनी 'लो सोडियम' मीठ पाठवलंय. आणि एवढ्या उन्हात माणसाला मोजून पाणी द्यायचं, माझा हात होईना.

काटकसर_आरोग्य

दवाखानेवाले घाबरवतात. रोज ५ लिटर पाणी प्यायचं, किडनी धुऊन निघते. साधं मीठ विष आहे, सैंधव वापरा, त्यात सोडियम नसतं.

निवृत्त_सिस्टर

वरच्या दादांचं आधी. सैंधवसुद्धा जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं, मातीतल्या इतर खनिजांचा अंश नावाला. आणि किडनी म्हणजे मोरी नव्हे, पाणी ओतून धुवायला. या माणसाला साडेसहा लिटर पाण्यानंच दवाखाना दाखवलाय, ते वाचा तरी.

आता ताई तुमचं. वॉर्डात दर एप्रिल-मेमध्ये असे आजोबा-आजी यायचेच, आणि बहुतेक घरचे हेच म्हणायचे, आम्ही तर पाणी देत होतो. घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातं, भरताना आपण नुसतं पाणी भरतो. त्यात क्लोरथॅलिडोनसारखी गोळी लघवीतून सोडियम आणि पोटॅशियम बाहेर काढते, शिवाय जादाचं पाणी बाहेर टाकायची मूत्रपिंडाची ताकदही कमी करते. तिसरं म्हणजे जेवण. पाणी बाहेर टाकायला मूत्रपिंडाला त्याच्याबरोबर क्षार आणि युरिया लागतात, ते येतात मीठ आणि डाळी-दुधातून. एका भाकरीवर राहणाऱ्या माणसाच्या अंगात पाणी साचतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. १३५ ते १४५ असायला हवं. कमी झालं की मेंदूला सूज येते, म्हणून ती बीमची बडबड. तुमची एकटीची चूक नाही हो, तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

नॉर्मल मीठ म्हणजे दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, चहाचा एक सपाट चमचा. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा हाच आहे आणि बीपीवाल्यालाही तो चालतो. मामांच्या वाटणीचा तेवढा चमचा सकाळीच एका वाटीत काढून ठेवा. आमटी, ताक, चटणी, सगळं त्यातूनच. शून्यावरून एवढ्यावर यायचंय, मूठभर घालायचं नाही.

पाणी दीड लिटर लिहिलंय तर तेवढंच, आणि ताक, चहा, सरबत त्यातच धरायचं का ते डॉक्टरांना फोन करून विचारा. दुपारी १२ ते ४ घरात ठेवा, अंगावर ओला पंचा टाका. घामच कमी निघाला तर पाणी कमी लागेल. जिभेला कोरड, लघवी गडद पिवळी, उभं राहताना चक्कर, यातलं काही दिसलं तर तांब्या वाढवायच्या आधी फोन करा.

नवी गोळी कोणती ते सांगा, मग शहाळ्याचं बोलते.

पूर्वभागातली_सून

टेल्मिसार्टन ४०. सिस्टर, दवाखान्यात सलाईन फार हळू सोडत होते म्हणून दिरांनी भांडण काढलं होतं. ते बरोबर होतं का?

निवृत्त_सिस्टर

हळूच सोडायला हवं. बरेच दिवस उतरलेलं सोडियम एका दिवसात ८-१० पेक्षा जास्त वर नेलं तर मेंदूच्या नसांना कायमची इजा होऊ शकते. दिरांना सांगा, त्या नर्सला भेटलात तर चहा पाजा.

टेल्मिसार्टन पोटॅशियम अंगात धरून ठेवतं. शेजारच्या काकूंचं मीठ परत करा. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, ते या गोळीबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणजे मामांना जे हवं होतं ते त्यात फारसं नाहीच.

ओआरएसचं म्हणाल तर खऱ्या पुडीच्या मागे वाचा: लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सायट्रेट २.९. साखर मोजून आहे, कारण आतड्यात ग्लुकोजच्या जोडीनं सोडियम आणि त्यामागून पाणी शोषलं जातं. त्या गोड डब्यांत साखर कितीतरी जास्त असते. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयनं (खाण्यापिण्याच्या वस्तूंचे नियम करणारी सरकारी संस्था) अशा पेयांवर ओआरएस लिहायला बंदी घातली, भाच्यानं जुना माल आणला असेल. आणि खरी पुडीसुद्धा जुलाब-उलटीसाठी. रोज सरबत म्हणून प्यायची वस्तू नाही ती.

डायलिसिसवाली_लेक

शहाळ्यावर एक. माझ्या आईची किडनी गेलेली. उन्हाळ्यात पाहुण्यांनी प्रेमानं दोन दिवस शहाळी पाजली, पोटॅशियम ६.४ निघालं, रात्री धावपळ. १०० मिलिलिटरमध्ये अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, एका मोठ्या शहाळ्यात हिशोब करा. मामांचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) पण बघून घ्या.

रात्रपाळी

वहिनी, मी एमआयडीसीत मागावर. कारखान्यात हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून खिडक्या बंद, खाली पाणी मारलेलं. उन्हाळ्यात बारा तास उभं राहिलं की बनियन पिळायला येतंय, वाळल्यावर पांढरे डाग. पहिल्या वर्षी मी पाणीच पीत होतो. पोटरीत असा गोळा यायचा की माग बंद करून खाली बसावं लागायचं. शेजारच्या मागावरच्या म्हाताऱ्यानं आंबील पाजली.

रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून झाकून ठेवायचं. सकाळी आंबूस वास आला की उकळत्या पाण्यात सोडून हलवत राहायचं, नाहीतर गाठी होतात. गार झाल्यावर परत ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. पातळ पाहिजे, पेल्याला चिकटून राहिली तर ती खीर झाली. डबा उघडला की सगळे पेले घेऊन येतात.

निवृत्त_सिस्टर

दादा, तुम्हाला ही उत्तम. लिटरभर घामात दीड ते चार ग्रॅम मीठ जाऊ शकतं, ते वाळलेले पांढरे डाग म्हणजे तेच. पण सावलीत बसलेल्या ७१ वर्षांच्या माणसाला तुमच्या डब्यातलं मीठ नको. ताई, आंबील करा, मीठ वाटीतलंच घाला.

पूर्वभागातली_सून

आठ दिवसांनी लिहिते. सोडियम १३४, पोटॅशियम ४.४, क्रिएटिनिन १.१. डॉक्टर म्हणाले असंच चालू द्या, महिन्यानं परत तपासा. ताक-आंबील दीड लिटरातच धरायची.

शहाळी दीर स्वतः प्यायलेत. आंबीलीत पहिल्या दिवशी गाठी झाल्या, मामा म्हणाले ही भजी कुठली गं. दुसऱ्या दिवसापासून बरी जमली. मिठाची वाटी त्यांच्यासमोरच ठेवते. दुपारी त्यातली चिमूट ताकात टाकताना ते बघतात आणि म्हणतात, "अजून आहे की." शेंगा चटणीचा डबा खाली आला, भाकरीवर एक चमचा, त्याचं मीठ वाटीतून वजा.

चौकटीवर आता तीन रेघा असतात. काल चौथी दिसली म्हणून मी घाबरले. विचारलं तर म्हणाले, ती पाण्याची नाही, दुसऱ्या भाकरीची आहे.