मदत हवी आहे: टॉवेलचं वजन, झेड तक्ता आणि एक्सेल जुळत नाही (तातडीचं)

टेरी_सोलापूर
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, सांभाळून घ्या.

एमआयडीसीत टॉवेलचं चेकिंग बघतो. सरासरी वजन ४०० ग्रॅम. पार्टीला ३८५ ते ४२० च्या आतलाच माल पाहिजे. किती टक्के बसेल ते उद्या सकाळी मेल करायचंय. तक्त्यात १.२५ ला ०.३९४४ आणि १.६७ ला ०.४५२५ मिळालं. वजाबाकी केली, ०.०५८१. म्हणजे शंभरात सहाच टॉवेल पास? शक्यच नाही, एवढा माल परत आला असता तर कारखान्याला कुलूप लागलं असतं. ऑफिसातल्या पोरानं एक्सेलमध्ये ०.८४६६ काढलंय. मालक म्हणतात मशीनचं नको, कागदावर मांडून दाखव.

कोणतं बरोबर? कृपया थिअरी नको, थेट सांगा.

बटण_दाबा
एक्सेलचं बरोबर. विषय संपला. कागदावरच पाहिजे तर कॅसिओचा ९९१ईएस प्लस घ्या, त्यात स्टॅट मोडला पी, क्यू, आर अशी तीन फंक्शनं आहेत, तक्ता लागतच नाही. मी आमच्या दुकानात सगळ्यांना तोच घ्यायला लावलाय.

आकृती_आधी
थांबा. प्रमाण विचलन (वजनं सरासरीपासून साधारण किती ग्रॅम इकडं-तिकडं पसरतात) किती ते तुम्ही लिहिलेलंच नाही. आणि तक्ता कोणता आहे? १.०० समोर काय छापलंय ते बघून सांगा: ०.३४१३, ०.८४१३ की ०.१५८७?

टेरी_सोलापूर
१२ आहे हो. १५ भागिले १२ म्हणजे १.२५, त्यावरून कळतंच की. १.०० समोर ०.३४१३ आहे. बीकॉमचं जुनं पुस्तक आहे, मागच्या पानावर तक्ता. उणे आकडे तक्त्यात नाहीतच, म्हणून उणे १.२५ च्या जागी १.२५ घेतलं. त्यात चूक आहे का?

आकृती_आधी
उणेच्या जागी अधिक घेणं बरोबरच आहे, तक्ता ज्या घंटेसारख्या वक्राचा आहे तो दोन्ही बाजूंना सारखा असतो. अडलंय ते वजाबाकीपाशी.

तुमचा तक्ता त्या वक्राखालचं क्षेत्रफळ, म्हणजे मालाचा वाटा, मध्यापासून मोजतो. १.२५ समोरचं ०.३९४४ म्हणजे ४०० ग्रॅमपासून १.२५ विचलनं दूर जाईपर्यंतचं क्षेत्रफळ. ३८५ हे ४०० च्या डावीकडे, ४२० उजवीकडे. तर डावीकडचा तुकडा ०.३९४४, उजवीकडचा ०.४५२५, आणि हे दोन तुकडे मधल्या रेषेवर एकमेकांना चिकटलेले आहेत. बेरीज करा. ०.८४६९. साधारण ८५ टक्के माल पास.

वजाबाकी कधी? दोन्ही आकडे मध्याच्या एकाच बाजूला असतील तेव्हा. समजा पार्टीनं ४१५ ते ४२० मागितलं असतं, तर १.६७ च्या क्षेत्रफळातून १.२५ चं वजा केलं असतं. गंमत म्हणजे तेव्हा उत्तर हेच आलं असतं, ०.०५८१. तुम्ही काढलेला आकडा खरा आहे, फक्त तो ४१५ ते ४२० मधल्या टॉवेलांचा आहे.

मालकांना दाखवायला कागदावर घंटेसारखा वक्र काढा, मध्ये ४०० ची उभी रेघ, डावीकडे ३८५, उजवीकडे ४२०, मधला भाग पेन्सिलनं भरा. मी कितीतरी वर्षं शिकवलं, आकृती काढणाऱ्या पोरांचं बेरीज-वजाबाकीत अडत नाही.

बटण_दाबा
आकृत्या काढायला आता वेळ कुणाला आहे सर? क्यू फंक्शन नेमकं हेच मध्यापासूनचं क्षेत्रफळ देतं. पी डावीकडचं सगळं, आर उजवीकडचं शेपूट.

आकृती_आधी
आणि पी, क्यू, आर मधलं कोणतं दाबायचं हे कशावरून ठरवणार? आकृतीवरूनच ना?

बीएस्सी_तृतीय
सर, १.०० ला ०.८४१३ असलेला तक्ता परीक्षेत आला तर काय करायचं? आमच्या विद्यापीठाच्या पेपरात कधी कोणता देतात कळत नाही. परवा पेपर आहे.

आकृती_आधी
तो तक्ता डाव्या टोकापासून मोजतो. त्यात सरळ मोठ्यातून लहान वजा. १.६७ ला ०.९५२५. उणे १.२५ साठी १ मधून ०.८९४४ वजा, म्हणजे ०.१०५६. फरक ०.८४६९, उत्तर तेच. ०.१५८७ वाला तक्ता उजव्या शेपटाचा असतो, त्यात दोन्ही शेपटं १ मधून वजा करायची. पेपर हातात आला की आधी १.०० ची ओळ बघायची, मग प्रश्न वाचायचा.

टेरी_सोलापूर
धन्यवाद सर, बेरीज समजली. पण तक्त्यानं ०.८४६९ आणि एक्सेलनं ०.८४६६. मालक विचारणार फरक कशाचा.

आकृती_आधी
२० भागिले १२ म्हणजे १.६६६६..., तुम्ही १.६७ घेतलं. एक्सेल पूर्ण आकडा घेतं. फरक तेवढाच.

विदा_पारखी
त्या चौथ्या दशांशासाठी एवढी चर्चा चाललीय आणि १२ हा आकडा कुठून आला हे कुणी विचारलंच नाही. किती नग तोलले?

टेरी_सोलापूर
२००. गेल्या आठवड्यातला माल.

विदा_पारखी
मग ऐका. २०० नगांवरून काढलेल्या प्रमाण विचलनातच एखाद्या ग्रॅमची खोट सहज असते. खरं विचलन ११ असेल तर पास ८८ टक्के, १३ असेल तर ८१. तेव्हा पार्टीला "८५ टक्क्यांच्या आसपास" लिहा. ८४.६९ लिहिलंत तर तुमच्याकडे नसलेली अचूकता तुम्ही विकताय.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. तुमच्या टॉवेलांची वजनं खरंच या वक्रावर बसतात का? २०० आकड्यांचा स्तंभालेख काढलात का? तक्ता बिचारा कशालाही उत्तर देतो.

डझनभर
माझ्या मते सगळेच चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देताहेत. टॉवेल डझनाच्या पॅकमध्ये जातो. डझनाच्या सरासरीचं विचलन १२ भागिले १२ चं वर्गमूळ, म्हणजे ३.४६. मग ३८५ हे ४.३३ विचलनं खाली आणि ४२० हे ५.७७ वर. तक्ता तिथवर जातही नाही. जवळपास शंभर टक्के पास. बिनधास्त मेल करा.

विदा_पारखी
तुम्हाला कोण म्हणालं पार्टी डझनाची सरासरी बघते? आणि वर्गमूळाचं सूत्र बाराही नग एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. एकाच मागावर, एकाच बीमवर (उभं सूत गुंडाळलेल्या रुळावर) लागोपाठ विणलेले बारा टॉवेल स्वतंत्र कसे? बीम जड लागला तर बाराही जड.

टेरी_सोलापूर
पार्टीची शीट बघितली. "प्रत्येक नग" असं स्पष्ट लिहिलंय. एकेक तोलतात ते.

चंद्रकोर
अवांतर, पण राहवत नाही. या वक्राला सगळे गाउसचा वक्र म्हणतात. त्यानं तो ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणांमधल्या चुकांसाठी १८०९ मध्ये मांडला. पण त्याच्या आधी १७३३ मध्ये द मुआव्र यानं नाणेफेकीच्या हिशेबातून हाच वक्र काढला होता. तरी जर्मनीच्या जुन्या १० मार्कच्या नोटेवर गाउसचा चेहरा आणि शेजारी हा वक्र छापलेला होता. नोटेवर गणिताचा आलेख, केवढी मोठी गोष्ट! आपल्याकडे असं व्हायला पाहिजे.

बटण_दाबा
+१. पण इथं टॉवेल चाललेत.

पूर्वभागकर
मी यंत्रमागावरच लहानाचा मोठा झालो, म्हणून सांगतो. तुमचं गणित असू दे बाजूला. टॉवेल तोलला कधी? दुपारी का सकाळी? डाइंगवरून आल्या आल्या का गोडाऊनमध्ये आठवडाभर पडल्यावर? आपल्या सोलापूरचा उन्हाळा म्हणजे हवा कोरडी ठाक. कापूस हवेतला ओलावा धरतो आणि सोडतो. त्याचा ठरलेला ओलावा कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के. त्या हिशेबानं ४०० ग्रॅमचा टॉवेल, ओलावा ५ टक्क्यांवर आला की ३८७ ग्रॅम. टॉवेल तोच बे! माग तोच, सूत तेच, १३ ग्रॅम हवेनं नेले. पार्टी तिकडं समुद्राकाठी तोलते आणि तुम्ही इकडं मे महिन्यात तोलताय, मग भांडणं होणारच.

विदा_पारखी
हा मुद्दा एकदम मान्य. १३ ग्रॅम म्हणजे यांच्या एका विचलनापेक्षा जास्त. सगळा वक्र उचलून डावीकडे सरकतो.

टेरी_सोलापूर
ओलाव्याचं पार्टीशी बोलतो, त्यांच्या शीटवर २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रता लिहिलीय खरी. आम्ही उघड्यावरच तोलतो.

स्तंभालेख काढला. मधला भाग जरा पसरट आहे, टोकदार नाही. याचा अर्थ काय?

विदा_पारखी
माग किती प्रकारचे आहेत?

टेरी_सोलापूर
दोन. जुने साधे आणि नवीन रॅपियर (बिनधोट्याचे). निम्मानिम्मा माल. सगळे एकत्रच तोललेत, चेकिंगला एकत्रच येतात.

पूर्वभागकर
हेच मी सांगणार होतो. जुन्या मागाचा आणि रॅपियरचा टॉवेल हातात घेतला तरी कळतो. वेगवेगळे तोला.

बटण_दाबा
असं बघत बसलं तर कधीच मेल जाणार नाही. ८५ लिहा आणि पाठवा.

टेरी_सोलापूर
हेमिंगच्या शिवणीवरून ओळखून २०० आकडे वेगळे केले. जुन्या मागांची सरासरी ३९२, रॅपियरची ४०८. विचलन दोन्हीकडे ९ च्या आसपास. आता काय करू?

विदा_पारखी
आता खरा हिशोब. जुने माग: ३८५ हे ७ ग्रॅम खाली, ०.७८ विचलनं. तक्त्यात ०.२८२३, म्हणून त्याखालचं शेपूट ०.२१७७. वरच्या बाजूला जवळजवळ काही नाही. जुन्या मागांचे शंभरात २२ टॉवेल बाद, आणि ते सगळे हलके. रॅपियर: ४२० हे १२ ग्रॅम वर, १.३३, तक्त्यात ०.४०८२, शेपूट ०.०९१८. खालचं किरकोळ ०.००५२ धरून शंभरात १० बाद, बहुतेक जड. एकत्र केलं की १६ च्या आसपास. म्हणजे एकूण आकडा आधीचाच राहिला, पण आता कोण किती आणि कशामुळे बाद होतंय हे दिसतंय.

आकृती_आधी
फार छान मांडलंत. यात एक भर. ३८५ आणि ४२० चा मध्य ४०२.५, तुमची सरासरी ४००. तेव्हा "सगळ्यांचं वजन अडीच ग्रॅम वाढवा" असं कुणी सुचवेल. त्यानं फारसं काही होत नाही. विचलन १२ च राहिलं तर ८४.७ चे ८५.६ टक्के होतात, बस. पण दोन्ही प्रकारचे माग स्वतंत्रपणे ४०२.५ वर आणले, तर विचलन ९ राहतं. १७.५ भागिले ९, म्हणजे १.९४. तक्त्यात ०.४७३८, दुप्पट ०.९४७६. बाद माल १५ टक्क्यांवरून ५ वर. नवीन मशीन नको, महाग सूत नको. आणि पार्टी पुढं ९९ टक्के मागायला लागली तर विचलन ६.८ पर्यंत उतरवावं लागेल, ते मात्र नुसत्या सेटिंगनं होणार नाही.

बीएस्सी_तृतीय
सर, ९९ टक्क्यांसाठी ६.८ कसं आलं? तक्ता उलटा वाचायचा का?

आकृती_आधी
हो. निम्मं ०.४९५ तक्त्याच्या आत शोधा, बाहेर २.५८ मिळेल. १७.५ भागिले २.५८. हा प्रकार परीक्षेत हमखास येतो.

टेरी_सोलापूर
मालकांना आकृतीसकट दाखवलं. पटलं त्यांना, दोन वक्र शेजारी शेजारी काढल्यावर तर लगेच. मेलमध्ये "सध्या ८५ टक्क्यांच्या आसपास, पुढच्या लॉटपासून सुधारणा" असं लिहितोय.

आता एकच सांगा. जुन्या मागावर साडेदहा ग्रॅम वाढवायचेत आणि रॅपियरवर साडेपाच कमी करायचेत. जीएसएमचं (चौरस मीटरला किती ग्रॅम) कळतं मला, मागाचं जास्त नाही.

पूर्वभागकर
ताण्याला (उभ्या धाग्यांना) हात लावू नको. पाईलची, म्हणजे टॉवेलवरच्या फासांची, उंची बदल. जुन्या मागावर फणी मागं सरकते ते अंतर थोडं वाढवायचं, रॅपियरवर पाईलचं सेटिंग कमी करायचं. जॉबरला (मागाचं सेटिंग करणाऱ्याला) सोबत घेऊन कर, एका वेळी एकच माग. बदल केल्यावर निघालेले पहिले काही टॉवेल मोजायचे नाहीत, माग स्थिर होऊ दे. मग जुने वेगळे, रॅपियर वेगळे असे तोलून आकडे इथं टाक.