एकाच पातळीला दोन वेगळे विसर्ग : मदत हवी आहे

खडकवासला धरणाच्या खाली, मुठेच्या पात्रात, मुळेच्या संगमाच्या थोडे वर आम्ही अभ्यासासाठी विसर्ग मोजतो. पुलावरून करंट मीटर (पाण्याचा वेग मोजणारे यंत्र) सोडून प्रत्येक उभ्या रेषेवर खोलीच्या ०.२ आणि ०.८ पटीवर वेग घेतो. तरीही मोजपट्टीवरील एकाच पातळीला, धरणातून पाणी वाढवताना विसर्ग जास्त आणि कमी करताना कमी भरतो. मीटरचे अंशांकन, पट्टीचा शून्यबिंदू आणि पात्राचा छेद तपासला आहे. मुळेला पूर आला की फुगवट्यामुळे (संगमाकडून पाणी मागे तुंबल्यामुळे) हा फरक आणखी वाढतो. एडीसीपी (ध्वनिलहरींनी वेग मोजणारे यंत्र) उपलब्ध नाही. खालच्या बाजूस दुसरी मोजपट्टी बसवून पाण्याच्या उतारानुसार दुरुस्ती करायची असल्यास, दोन पट्ट्यांमधील अंतर कशावरून ठरवावे, आणि बदलत्या विसर्गाचा परिणाम फुगवट्यापासून वेगळा कसा काढावा?