मोल्सवर्थ हे आडनाव ‘विरळ’ की ‘दुर्मीळ’?

पीटरबरोकर

एका भाषांतरात अडकलोय, मदत हवी आहे. मराठी भाषा गौरव दिनाला आमच्या मंडळात मोल्सवर्थवर एक फलक लावायचा आहे. मोल्सवर्थ म्हणजे आपला कोशकार, १८३१ आणि १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशांचा. इंग्रजी मजकूर तयार आहे, मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्याच वाक्याला गाडी अडली. त्यात म्हटलंय की मोल्सवर्थ हे ‘रेअर लोकेटिव्ह सरनेम’ आहे.

मी लिहिलं, ‘दुर्मिळ स्थलवाचक आडनाव’. बायको म्हणाली, दुर्मिळ असायला ते काय शिवकालीन नाणं आहे? तिचं म्हणणं सरळ ‘गावावरून पडलेलं विरळ आडनाव’ लिही. मला ते फलकासाठी फार घरगुती वाटतं. तुम्ही काय लिहाल?

ज्या गावावरून हे आडनाव आलं ते इथे इंग्लंडमध्ये, आमच्या पीटरबरोपासून गाडीने अर्ध्या तासावर आहे, ए-१४ महामार्गाला लागून. पूर्वी हंटिंग्डनशर परगण्यात होतं, १९७४ पासून केंब्रिजशरमध्ये धरतात. मागच्या रविवारी मुद्दाम जाऊन आलो. सेंट पीटरच्या चर्चभोवती जुने दगड आहेत, पण शेवाळ्याने अक्षरं भरून गेलीत, बोट फिरवूनही लागत नाहीत. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजींना विचारलं, इथे मोल्सवर्थ आडनावाचं कुणी राहतं का? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, “मोल्सवर्थ तर हे गाव आहे.”

आजोळ

तुमच्या बायकोचं बरोबर आहे. दुर्मीळ (मी दीर्घ, कृपया) म्हणजे हवं असूनही हाती न लागणारं. जुनी पोथी दुर्मीळ, एखादी वनस्पती दुर्मीळ. आडनाव कुणी शोधायला निघत नाही. विरळ म्हणजे पातळ पसरलेलं. विरळ केस, विरळ वस्ती. शेतात रोपं दाट झाली की मधली उपटून टाकतात, ती विरळणी. आडनाव कुठे किती आढळतं हे सांगायचं असेल तर याहून नेमका शब्द नाही, कारण त्यात संख्याही येते आणि जागाही येते.

माझ्या वडिलांकडे शुभदा-सारस्वतने १९७५ साली काढलेली मोल्सवर्थची आवृत्ती होती. ते ‘मोलस्वर्थ’ म्हणायचे. “जरा मोलस्वर्थ काढ गं,” असा हुकूम आला की मी दोन्ही हातांनी तो कपाटातून ओढायची. पाठीची शिवण सुटली तेव्हा आईने जुन्या खणाची पट्टी खळीने चिकटवली. ती पट्टी अजून आहे.

शुद्धमती

मुळात ‘आडनाव’ हा शब्दच फलकावर नसावा. आडवाट, आडगाव, आडबाजू, आडमार्ग: ‘आड’ जिथे जिथे लागतो तिथे मुख्य सोडून बाजूचे असा अर्थ येतो. कुळाचे नाव बाजूचे कसे? ‘कुलनाम’ हा शब्द आपल्याकडे आहे, अर्थ स्वच्छ आहे. ‘स्थलनामोद्भव विरळ कुलनाम’ असे लिहावे. परदेशात भाषा दाखवायची तर तिचे उत्तम रूप दाखवावे.

बोरू

शुद्धमतीताई, फलक वाचणार तिथे वाढलेली मुलं. ‘स्थलनामोद्भव’ पाशी ती पुढच्या फलकाकडे वळतील.

आणि ‘आड’ मध्ये कमीपणा कुठे आहे? माणसाचं नाव एक, बापाचं दुसरं, त्यांच्या आडून ओळख सांगायला आणखी एक, ते आडनाव. ते आपल्याकडे किती सैल होतं पाहा. नाना फडणवीसांचं घराणं भानू. फडणिशी मिळाली आणि भानू मागे पडलं. पेशवे श्रीवर्धनचे भट, पण त्यांना श्रीवर्धनकर कुणी म्हटलं नाही, पद आलं आणि तेच नाव झालं. कुळाशी जन्मगाठ असलेलं काही असतं तर इतक्या सहज बदललं असतं का? कुलनाम म्हटलं की ती गाठ उगीच गृहीत धरली जाते.

झाडीपट्टी

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मूल नावाचा तालुका आहे म्हणून हा धागा उघडला. शाळेत आमचे गुरुजी सांगायचे, कोशकाराच्या नावातच कोश आहे. ‘मोल’ म्हणजे किंमत आणि इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजेही किंमत. शब्दाचं मोल दोन्ही भाषांत सांगणारा, म्हणून मोल्सवर्थ. चाळीस वर्षं मी हे लोकांना सांगत आलोय.

पीटरबरोकर

काका, ऐकायला फार गोड आहे, पण ते ‘वर्थ’ वेगळं. किमतीचा ‘वर्थ’ आणि गावांच्या नावातला ‘वर्थ’ हे जुन्या इंग्रजीतले दोन निराळे शब्द. गावातल्या ‘वर्थ’चा अर्थ कुंपण घातलेली जागा, वस्तीचं आवार. आमच्याकडून केंब्रिजकडे निघालात तर बॉक्सवर्थ, लोलवर्थ ही गावं लागतात, जरा आत पॅपवर्थ आहे. (हृदयरोपणासाठी गाजलेलं रुग्णालय आधी त्याच पॅपवर्थला होतं.) वर उत्तरेत बटरवर्थ, हॉवर्थ. सगळी आवारंच.

मोल्सवर्थमधला पहिला भाग माणसाचं नाव आहे, ‘मूल’. म्हणजे ‘मूल नावाच्या माणसाचं आवार’. १०८६ साली विल्यम राजाने देशभर जी महसूल पाहणी केली त्या डूम्सडे वहीत हे गाव ‘मोलेसवर्दे’ असं नोंदलंय. मूल हे तेव्हाच्या माणसांचं नाव असायचंच. सातव्या शतकात केंटमध्ये मूल नावाचा एक राजा होता, लोकांनी उठाव करून त्याला जाळून मारलं. गाववाला मूल वेगळा, त्याचं नावाखेरीज काही उरलेलं नाही.

झाडीपट्टी

मूल! मग माझा तालुका आलाच की. मोल गेलं तर जाऊ दे.

आजोळ

कुंपण घातलेली जागा म्हणजे आपला वाडा! संस्कृत ‘वाट’, अर्थ कुंपण किंवा कुंपणाच्या आतली जागा. त्यावरून वाड, वाडा, वाडी. गुरांचा वाडा, बामणवाडी, सुतारवाडी. ‘वर्थ’ चा प्रवासही असाच झालेला दिसतो, आधी कुंपण, मग आतली घरं, मग अख्खं गाव. दोन शब्दांचं मूळ एक नाही, हे आधीच सांगते, नाहीतर उद्या कुणीतरी ते जोडून टाकेल.

शुद्धमती

मग प्रश्नच मिटला. मोल्सवर्थ म्हणजे मूलवाडी आणि हे आडनाव म्हणजे ‘मूलवाडीकर’. फलकावर असेच लिहा. एका ‘कर’ प्रत्ययात तुमचे ते ‘लोकेटिव्ह’ सगळे येते आणि कोणताही मराठी माणूस क्षणात समजतो.

बोरू

समजावून सांगायला उत्तम, छापायला नको. माणसाच्या नावाचं भाषांतर करत नाहीत. उद्या कुणी इंग्रजीत निंबाळकरांचं भाषांतर करून छापलं तर आपल्याला चालेल का?

शुद्धमती

मी नाव बदला म्हणत नाही. नावाखाली अर्थ द्या म्हणते. ज्या माणसाने आपल्या हजारो शब्दांचे अर्थ इंग्रजांना सांगितले, त्याच्या नावाचा अर्थ आपण मराठीत सांगू नये? मला हे मनापासून वाटते.

दक्षिणगोलार्ध

वेलिंग्टनहून लिहितेय. मी रोज मोल्सवर्थ स्ट्रीटवरून चालते. न्यूझीलंडची संसद आणि राष्ट्रीय ग्रंथालय त्याच रस्त्यावर आहे. आल्या आल्या पाटी पाहून मला भरून आलं होतं, वाटलं आपल्याच मोल्सवर्थचा रस्ता! मग कळलं की हे कॉर्नवॉलचे मोल्सवर्थ. सर विल्यम मोल्सवर्थ ब्रिटिश संसदेत वसाहतींच्या बाजूने भांडणारा, १८५५ मध्ये वसाहतमंत्री झाला आणि त्याच वर्षी वारला. त्याचा भाऊ फ्रान्सिस इथे वेलिंग्टनला पहिल्या वसाहतवाल्यांत होता.

तेव्हापासून मला या आडनावाचा नादच लागला. मूळ गाव इंग्लंडच्या मधोमध, पण कर्तबगार माणसं पाहावीत तर दोन कडांना. एक शाखा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात कॉर्नवॉलच्या जमिनींचा हिशेब तपासायला नैऋत्य टोकाला गेली आणि पेन्कॅरोला राहिली. जवळच्या वेडब्रिज गावात मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. दुसरी शाखा सतराव्या शतकात क्रॉमवेलच्या धामधुमीत आयर्लंडला गेली, व्यापारात आणि जमिनीत वर आली. त्यातला रॉबर्ट मोल्सवर्थ १७१६ साली व्हायकाउंट, म्हणजे उमराव, झाला. डब्लिनमध्ये संसदभवनासमोरचा रस्ता म्हणजे त्यांचाच मोल्सवर्थ स्ट्रीट.

त्या रॉबर्टच्या मुलाची, रिचर्डची, गोष्ट मला सगळ्यात आवडते. १७०६ ची रामिलीची लढाई. सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरो घोड्यावरून पडला, फ्रेंच स्वार अंगावर येत होते. रिचर्डने स्वतःचा घोडा त्याला दिला आणि त्याचा जीव वाचवला. आता नकाशा बघा. न्यूझीलंडमधलं सगळ्यात मोठं शेत, सुमारे १ लाख ८० हजार हेक्टरचं गुरांचं कुरण, त्याचं नाव मोल्सवर्थ स्टेशन. आणि ते ज्या प्रांतात आहे त्याचं नाव मार्लबरो. दोन नावं वेगवेगळ्या कारणांनी इथवर आली आणि पुन्हा शेजारी बसली.

पीटरबरोकर

हे मला अजिबात माहीत नव्हतं. फलकावर जागा असती तर घोडा नक्की घातला असता.

आजोळ

पेन्कॅरोवरून आठवलं. अरोकेरिया नावाचं काटेरी पानांचं झाड आहे ना, त्याचं इंग्रजी नाव ‘मंकी पझल’ त्याच सर विल्यमच्या बागेत पडलं, असं सांगतात. एक वकील पाहुणा आला होता. तो म्हणाला, यावर चढायचं म्हणजे माकडालाही कोडं पडेल. आपण याला मराठीत काय म्हणावं? मला ‘माकडकोडं’ सुचतं, पण ओठावर बसत नाही.

बोरू

ताई, झाड नंतर. दक्षिणगोलार्धताईंनी जे लिहिलं त्यात मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. गावात सगळेच त्या गावचे. तिथे कुणाला गावाच्या नावाने हाक मारून ओळख पटणार नाही. माणूस बाहेर पडला, दुसऱ्या गावात राहिला, की लोक म्हणतात, तो मोल्सवर्थचा. ती ओळख मुलांना चिकटली की आडनाव झालं. इंग्लंडात १०६६ मध्ये फ्रान्सकडून नॉर्मन राज्यकर्ते आल्यावर पुढच्या तीनेकशे वर्षांत हे घडत गेलं, उमरावांचं आधी, सुतार-मजुरांचं नंतर. म्हणून पीटरबरोकरांना गावात मोल्सवर्थ सापडला नाही आणि डब्लिनला, कॉर्नवॉलला, वेलिंग्टनला रस्त्यारस्त्यांवर सापडला.

आपल्याकडे होळकर घ्या. होळ हे नीरेकाठचं छोटं गाव. होळकर म्हटलं की इंदूर आठवतं. दीनानाथांच्या घरातलं आडनाव हर्डीकर, मंगेशीहून बाहेर पडल्यावर मंगेशकर झालं. ‘कर’ प्रत्यय सोडलेल्या गावाचा पत्ता सांगतो. म्हणून ‘स्थलवाचक’ मला चूक वाटतो. आडनाव स्थळ दाखवत नाही, निघून आल्याचं दाखवतं. ‘गावावरून पडलेलं’ यात निदान ‘वरून’ आहे.

आणि विरळ का, हेही यातच आलं. न्यूटन म्हणजे ‘नवं गाव’, आपल्या नवेगावासारखी कितीतरी न्यूटनं आहेत, त्यामुळे न्यूटन आडनावही पुष्कळ. मोल्सवर्थ हे लहानसं एक गाव, तिथून बाहेर पडणार तरी किती?

सातारी

बोरूदादा, पटलं नाही. माझ्या मावशीच्या सासरी, कोकणात, अख्ख्या वाडीचं आडनाव गावावरून आहे आणि सगळे त्याच गावात पिढ्यानुपिढ्या नांदताहेत. कुणी कुठे गेलं नाही. देवळाचा पहिला मान त्यांचा. तिथे ‘कर’ म्हणजे ‘गाव आमचं’ असा हक्क आहे, निघून आल्याची खूण नाही.

बोरू

मानाचं मान्य. पण ते आडनाव म्हणून कागदावर कधी चढलं? शाळेत, मुंबईच्या गिरणीत किंवा बोटीवर नाव लिहिताना कारकुनाने विचारलं असेल, “कुठला?” म्हणजे बाहेरच.

सातारी

गिरण्या यायच्या आधीपासून आहे ते. मावशीच्या घरी विचारून सांगते.

दक्षिणगोलार्ध

उच्चाराचंही ठरवा. इथे सगळे ‘मोल्झवर्थ’ म्हणतात, स नाही.

आजोळ

झ लिहू नका. शंभर वर्षांहून जास्त काळ मराठीत तो मोल्सवर्थ आहे. कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीतले सुमारे ६० हजार शब्द त्याने आपल्या उच्चाराने नीट लिहून घेतले हे खरं, पण आता तो आपला शब्द झालाय.

शुद्धमती

हे मला मान्य नाही. ज्याने आपल्या दंत्य आणि तालव्य च-ज चा फरक कानाने टिपला, त्याच्या नावात आपण ‘झ’ चा ‘स’ करायचा? मराठीला दंत्य झ येतो, झाड म्हणताना रोज येतो. चूक जुनी झाली म्हणून बरोबर होत नाही.

झाडीपट्टी

आमच्याकडे झाडीबोलीत याला सरळ ‘मोलसवर्त’ म्हणतील, आणि तेही बरोबरच.

पीटरबरोकर

फलक शुक्रवारी छापायला जातोय. सध्या लिहिलंय, ‘गावावरून पडलेलं विरळ आडनाव’. बायकोने वाचलं आणि म्हणाली, आता ‘पडलेलं’ खटकतंय, नाव पडतं की लागतं?

सातारी

मावशीशी बोलले. ती म्हणते, लागतं. “लग्नानंतर मला हे आडनाव लागलं,” असंच ती म्हणते. आणि गावाचं विचारलं तर म्हणाली, तिच्या सासऱ्यांचे आजोबा घाटावरून आले होते. पण देवळाचा मान कसा मिळाला ते तिला सांगता येईना.

बोरू

घाटावरून आले तर आधी आडनाव काय होतं?