मदत हवी आहे: पद्मिनीचा मागचा बंपर निघेना, बोल्ट जागेवरच फिरतोय

नमस्कार मंडळी, खानापूरहून लिहितोय. घरी वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसीचं इंजिन अजून खणखणीत आहे, बॉडी मात्र आमच्याकडच्या पावसानं खाल्लीय. दिवाळीआधी रंग करून घ्यायचाय. रंग आधीचाच पांढरा ठेवतोय, बदलला तर आरसीत नोंद करून घेत बसावं लागतं.

पेंटर म्हणतात, बंपर कशाला काढताय, कागद-टेप लावून मारू. मागच्या वेळी तसंच केलं होतं. टेपच्या कडेला रंगाची पायरी राहिली, तिथून पाणी शिरलं आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटले. म्हणून या वेळी मीच काढायला घेतलंय.

पुढचा बंपर निघाला. त्याच्यामागं लाल माती इतकी घट्ट बसलेली की स्क्रू ड्रायव्हरनं खरवडावी लागली. एका जागी अंगठा दाबला तर पत्रा आत गेला. बंपर तसाच ठेवून रंग मारला असता तर हे भोक झाकूनच गेलं असतं.

अडलंय ते मागच्या बंपरच्या डाव्या टोकाला. तिथल्या बोल्टचं डोकं गोल, क्रोमचं, पाना लावायला जागाच नाही. मान चौकोनी असते, ती चौकोनी भोकात अडकून बोल्ट धरून ठेवते. पण गंजून भोकच गोल झालंय, त्यामुळं नट फिरवला की बोल्टही सोबत फिरतो. दोन रात्री डिझेल सोडून बघितलं. एक जण म्हणाला गॅसनं तापवा, पण पेट्रोलची टाकी मागंच आहे, धीर होत नाही. क्रोमला धक्का न लावता कसं सोडवायचं?

उद्यमबागवाला: गॅस अजिबात नको अण्णा. टाकी रिकामी केली तरी आत वाफ राहते आणि तीच भडकते. ग्राइंडरच्या ठिणग्याही तिथं नकोत. बंपर आणि ब्रॅकेटच्या फटीत नुसतं हॅकसॉचं पातं घालून हातानं बोल्ट कापा. पात्याच्या एका टोकाला चिंधी गुंडाळा, क्रोमच्या बाजूला पत्र्याची पट्टी सरकवा. वेळ लागतोय, पण बंपर वाचतोय. आणि क्रोम परत करून घेणार असाल तर खाली निकेल नीट चढवतात का ते विचारा. वरचा क्रोमचा थर अगदी पातळ असतो, गंज अडवायचं खरं काम निकेलच करतं.

निपाणीकर: त्या बोल्टशी झुंजताच कशाला? ब्रॅकेट बॉडीला जिथं बसलंय तिथले बोल्ट गाडीखालून सोडवा आणि ब्रॅकेटसकट बंपर खाली घ्या. मग जमिनीवर पोत्यावर ठेवून निवांत कापा. फक्त एकट्यानं करू नका. शेवटचा बोल्ट सुटला की दुसरं टोक झुकतं आणि मडगार्डवर ओरखडा ओढतं. माझ्या गाडीवर तो ओरखडा अजून आहे.

धागाकर्ता: दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी भावाला हाताशी घेऊन ब्रॅकेटसकट उतरवला. गाडीखालचे बोल्ट चिखलात बुडालेले असूनही सुटले, वरचा मात्र पातं लावूनच कापावा लागला. क्रोमवर एक रेघ नाही. कुठल्या बोल्टला किती वायसर होत्या ते टेपवर लिहून त्या-त्या पिशवीला चिकटवलंय, नाहीतर बसवताना बंपर तिरका व्हायचा. आता एकच विचारायचंय: ब्रॅकेटचं गोल झालेलं भोक वेल्डिंगनं भरून परत चौकोनी करावं, की ब्रॅकेटच नवीन करून घ्यावं?

निपाणीकर: भोकाच्या कडेचा पत्रा हातोडीनं वाजवून बघा. टणक आवाज आला तर भरून कानशीनं चौकोन काढा. बद्द वाजला तर नवीनच करा.